छोटी स्टेपनी आणि चार चाकांचे गणित

संपादक महोदय,

तात्पुरत्या छोट्या स्टेपनीवर ‘कमाल वेग ताशी ८० किमी’ एवढेच ठळक छापलेले असते. मी तेवढे काटेकोरपणे पाळले आणि तरीही माझी गाडी गॅरेजात गेली. म्हणून हे पत्र.

आमच्या गाडीत इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. पुढचे डावे चाक पंक्चर झाले. गॅरेजातल्या माणसाने तिथेच स्टेपनी लावून दिली आणि म्हणाला, “ताई, टायर ठेवून जा, सावकाश बघतो. तोवर ही चालते.” चार दिवसांत त्या स्टेपनीवर ३४० किलोमीटर झाले. वळणावर गाडी अडखळल्यासारखी व्हायची, मग तापलेल्या तेलाचा वास येऊ लागला आणि अखेर डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला. मागच्या चाकांकडे ताकद सोडणाऱ्या क्लचच्या चकत्या जळाल्या होत्या.

मी तीस वर्षे गणित शिकवले. घरी येऊन शिवणाची टेप घेतली आणि दोन्ही चाकांचा परीघ मोजला. नेहमीचे चाक २२० सेंटिमीटर, स्टेपनी २०७. म्हणजे एका किलोमीटरला नेहमीचे चाक साधारण ४५४ फेरे घेते आणि स्टेपनी ४८३. डाव्या-उजव्या चाकांतला फरक डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दात्यांची पेटी, सांभाळून घेते, वळणावर ते त्याचे रोजचेच काम आहे. पण त्यातला निम्मा फरक, किलोमीटरला चौदा फेरे, पुढच्या आणि मागच्या जोडीत उरतो. तो क्लचच्या चकत्यांनी एकमेकींवर घासून भरून काढायचा. सरळ, कोरड्या रस्त्यावरसुद्धा, क्षणभरही न थांबता. त्यात स्टेपनीत हवा होती २८ पीएसआय. या छोट्या टायरला ६० लागते, नेहमीच्या टायरच्या जवळपास दुप्पट. डिकीत वर्षानुवर्षे पडून ती कमी झालेली आणि लावताना कोणी तपासली नाही. दबलेले चाक आणखी लहान होते.

गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे: तात्पुरती स्टेपनी मागेच लावावी, पुढचे चाक पंक्चर असेल तर मागचे चांगले चाक पुढे आणावे आणि लवकरात लवकर मूळ टायर बसवावा. प्रत्येक गाडीचा नियम वेगळा असतो, हे मान्य. पण स्टेपनी लावून देणाऱ्याने ते पान उघडून पाहायला हवे होते, आणि मीही. गाडी बनवणाऱ्यांना हा धोका फार आधीपासून ठाऊक आहे. सुबारू या जपानी कंपनीच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत बॉनेटखाली एक रिकामी जागा असे. तिथे फ्यूज बसवला की मागच्या चाकांची ताकद तोडली जाई आणि मगच स्टेपनीवर गाडी चालवायची असे.

मनाला सर्वांत जास्त लागले ते त्यानंतर कळले. चार दिवस कोपऱ्यात पडलेला माझा टायर उघडला, तेव्हा खिळा नक्षीच्या अगदी मधोमध निघाला, भोक जेमतेम तीन मिलिमीटरचे. भोक सहा मिलिमीटरपर्यंत असेल, टायरच्या बाजूला किंवा खांद्याला नसेल आणि हवा नसताना गाडी दामटलेली नसेल, तर टायर रिमवरून काढून आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात बसणारी दांडी असलेले ठिगळ, लावता येतो. पाऊण तासाचे काम. ते पहिल्याच दिवशी झाले असते तर स्टेपनीवर गाडी चालवायची वेळच आली नसती.

त्याऐवजी मला एक नवा टायर घ्यायचा आग्रह झाला. माझ्या बाकीच्या तीन टायरांच्या नक्षीची खोली ५ मिलिमीटर उरली आहे, नव्याची ८ असते. तीन मिलिमीटरचा फरक परिघात जवळपास १९ मिलिमीटर होतो. सुबारू चारही टायरांच्या परिघात सुमारे साडेसहा मिलिमीटरपर्यंतच फरक चालवून घेते. म्हणजे नवा कोरा, महागडा टायर घालूनही चकत्यांची तीच झीज चालू राहिली असती, फक्त हळूहळू, कळणार नाही अशी.

माझी मागणी साधी आहे. कंपन्यांनी स्टेपनीवर वेगाशेजारीच ती कोणत्या जोडीला लावायची आणि किती अंतर चालवायची, हे त्याच ठळक अक्षरांत छापावे. टायर बदलणाऱ्यांनी, गाडी चारही चाकांवर चालणारी असेल तर, आधी चारही टायरांची नक्षी मोजून आकडे गिऱ्हाइकाच्या हातात द्यावेत.

माझ्या स्टेपनीवर मी पांढऱ्या रंगाने लिहून ठेवले आहे: मागे लावा, हवा ६०, थेट पंक्चरवाल्याकडे.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका