दुपारचं ताट परत मांड

खानापूर
ज्येष्ठ वद्य

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि तुझ्या हॉटेलाच्या नव्या मेनू कार्डाचा फोटो, दोन्ही मिळालं. मार्केटातले हमाल, कोर्टातले वकील, शनिवारी बाजाराला बेळगावात येणारी खेड्यातली माणसं, सगळी दुपारची दुसरीकडे जेवायला लागली आणि का गेली ते कुणी तोंडावर सांगत नाही, असं लिहिलंस. जुन्या माणसांना नवं काही नकोच असतं, हा तुझा निष्कर्ष मला पटत नाही. हीच माणसं संध्याकाळी बायकापोरांना घेऊन गोबी मंचुरी खातात की! दुपारी ती तुझ्याकडे चार गोष्टींसाठी यायची: गरम भाकरी, आमटी, चटणी आणि ताक. कार्डावर ही चारही अजून आहेत, पण ताटात पहिल्यासारखी येत नाहीत. एकाच स्वयंपाकघरात तू आता दोन हॉटेलं चालवतोस आणि शेगड्या मात्र होत्या तेवढ्याच आहेत. बिघडलं ते इथं.

भाकरीपासून धर. एक बाई एका तव्यावर तासाला साधारण ३० भाकऱ्या करते. थापणं, पाणी फिरवणं, उलटणं, जाळावर फुगवणं, यात घाई चालत नाही. दुपारी १२० ताटं आणि ताटाला २ भाकऱ्या धरल्या तर २४० झाल्या. साडेबारा ते साडेतीन ही तुझी गर्दी, म्हणजे तासाला ८०. त्याला तीन बायका आणि तीन तवे लागतातच. तंदूर बसवताना तू दोन तव्यांची जागा घेतलीस. आता राहिलेली एकटी बाई सकाळी नऊपासून भाकऱ्या करून हॉट केसमध्ये रचते. रचलेल्या भाकरीची वाफ कोंडते, तिचं पाणी होऊन खालच्या भाकऱ्या ओल्या होतात आणि तास-दोन तासांत चिवट. ज्वारीच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन नसतं. उकळत्या पाण्यानं त्यातला स्टार्च चिकट होतो, त्याच्यावरच भाकरी धरते, आणि गार होताना तोच स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. म्हणून तव्यावर कितीही गरम केलीस तरी ताज्या भाकरीचा मऊपणा परत येत नाही.

फोटोत मागं पिठाच्या तयार पिशव्या दिसल्या. त्या बंद कर. पिशवीतलं पीठ दळून किती दिवस झाले हे तुला कळायला मार्ग नाही. शाळू ज्वारी घे आणि आठवड्याला पुरेल एवढीच दळून आण. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, थापताना कडा फाटतात, मग बाई नाइलाजानं गव्हाचं पीठ मिसळते आणि जाणत्याला ते पहिल्याच घासाला कळतं. किलोला १० भाकऱ्या धरल्या तर दिवसाला २४ किलो पीठ लागेल. पीठ आधणाच्या पाण्यात कालवायचं, मग हाताला सोसेल अशा पाण्यानं मळायचं, आणि एका वेळी दोन-तीन भाकऱ्यांपुरतंच. मळून ठेवलेला गोळा अर्ध्या तासात सैल पडतो.

तीन बायका पुऱ्या होईपर्यंत अडीचनंतर कडक भाकरी वाढ. पातळ थापून मंद आचेवर पूर्ण वाळेपर्यंत भाजली की ती कोरड्या डब्यात आठ-पंधरा दिवस टिकते, आणि आपल्याकडे, विजापूर-सोलापूरकडे लोक ती आवडीनं खातात. फक्त फळ्यावर तसं लिही. मऊ म्हणून चिवट भाकरी पुढं केलीस तर माणूस काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी येत नाही एवढंच.

आमटीला तळकट वास येतो असं एक वकीलसाहेब म्हणाले, त्यावर तू डाळीचा व्यापारी बदललास. डाळ बरी असणार. मला वाटतं तुझा आचारी गोबी तळलेलं तेल फोडणीला वापरतो. विचार त्याला. कॉर्नफ्लोअरचे कण त्या तेलात जळत राहतात, आणि त्या तेलात मोहरी तडतडली तरी हिंग-कढीपत्त्याचा वास वर येत नाही. वारंवार तापवलेल्या तेलातले पोलर घटक, म्हणजे तेल खराब होताना त्यात तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांच्या पुढं गेले तर ते वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. तेल काळसर झालं, फेस धरायला लागलं, नेहमीपेक्षा लवकर धूर देऊ लागलं की काढून टाक. फोडणीचं तेल वेगळ्या डब्यात आणि तो डबा तुझ्या ताब्यात. रंगाचंही बघून घे. गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालायला कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये बंदी केली आहे, आणि गोबीसाठी आणलेला रंग उसळीच्या कटात पडायला वेळ लागत नाही.

आमटीचं माप पूर्वीचंच ठेव: एक किलो तूरडाळ, सगळं मिळून ६ लिटर, म्हणजे १५० मिलीच्या ४० वाट्या. चिंच ७० ग्रॅम, गूळ ७० ग्रॅम. १२० ताटांना ३ किलो डाळ, आणि लोक दुसरी वाटी मागतात म्हणून वर आणखी एक किलो. डाळ शिजायला सोडा घालू नकोस, चव सपाट होते; त्यापेक्षा तासभर भिजव. सकाळी सगळ्या डाळीला एकदम फोडणी देऊन ते पातेलं तीनपर्यंत उकळत ठेवलं की पाणी आटतं, मीठ पुढं येतं, फोडणीचा वास उडून जातो. एक वाजता जेवणाऱ्याला एक आमटी आणि तीनला दुसरीच, हे त्यानंच होतं. डाळ एकदाच शिजव, पण फोडणी दोनदा दे: बाराला एक पातेलं, पावणेदोनला दुसरं.

आता मसाला. भरलं वांगं आणि मटकीची उसळ वर्षभराच्या घरच्या मसाल्यावर चालायची, ती तू पाकिटावर आणलीस. पाकिटाचा मसाला वाईट असतो असं नाही. पण तो सगळीकडे मिळतो, मग त्यासाठी बेळगावातल्या शहापूरपर्यंत, तुझ्या हॉटेलात, कोण येईल? एक किलो मिरचीत ६०० ग्रॅम ब्याडगी रंगाला आणि ४०० ग्रॅम संकेश्वरी तिखटाला घे. धने पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, लसूण पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, कांदा अर्धा किलो. कांदा चिरून दोन दिवस उन्हात वाळव, मगच तेलात गडद तांबूस तळ. त्यात ओल राहिली तर पावसाळ्यात मसाल्याला बुरशी येते. कुटून घ्यायचा तो डंकावर, गिरणीत मसाला फार तापतो आणि वास तिथंच उडतो. आता ज्येष्ठ संपत आला, मिरची वाळवायला ऊन नाही. म्हणून पूर्ण वर्षाचा करू नकोस. मिरची कढईत मंद आचेवर कोरडी करून, कांदा भट्टीच्या उबेवर वाळवून, दोन महिन्यांपुरता कर. मोठा मसाला मार्च-एप्रिलला, नवी ब्याडगी बाजारात आल्यावर.

शेंगदाण्याची चटणी उखळात कुटायला माणूस नसेल तर मिक्सरला लावायला हरकत नाही, पण थांबत थांबत फिरव. सलग फिरवलीस तर दाणे तापून तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. ताकाची बाटली मात्र ताटातून काढ. एक लिटर दह्याला तीन लिटर पाणी, आलं, कोथिंबीर, मीठ, एवढंच पुरे. दही त्याच दिवशीचं हवं.

नवे पदार्थ सगळे काढ असं मी म्हणत नाही. संध्याकाळच्या धंद्याला ते लागतील. पण कार्डावर ८० च्या वर पदार्थ आणि त्यातले निम्मे एकाच टोमॅटो-काजूच्या लाल ग्रेव्हीवर, यात गिऱ्हाइकाला निवड कसली? ती ग्रेव्ही सकाळी दोन तास मोठी शेगडी अडवते, नेमकी डाळीच्या वेळेला. ती दुपारी चारनंतर करायला लाव, पसरट ट्रेमध्ये लवकर गार करून फ्रिजमध्ये टाक. साडेतीनपर्यंत फक्त ताट, सातपासून कार्ड, आणि कार्डावर २० च्या आत पदार्थ. तंदूर दुपारी पेटवूच नको, त्याची जागा तव्यांना मिळेल.

दराचं मला मनापासून सांगायचं आहे. डाळ, तेल, १९ किलोचा सिलिंडर, सगळं महागलं हे मान्य. तू दर तोच ठेवून वाटी १५० वरून १०० मिलीवर आणलीस. रोज जेवणाऱ्याचा हात वाटी उचलली की ओळखतो, आणि त्याला फसवल्यासारखं वाटतं. जुनी वाटी परत आण, ताटामागं दहा रुपये वाढव आणि तसं फळ्यावर कन्नड-मराठी दोन्हीत लिही. इंग्रजी कार्ड वाचत बसायला हमालाला वेळ नसतो. ज्यांनी महिन्याचे पैसे आधी भरलेत त्यांना महिना संपेपर्यंत जुन्या दरात जेवू घाल, आणि त्यांना हे वैनींनी स्वतः सांगावं. त्यांचं नातं तुझ्यापेक्षा वैनींशी जास्त आहे.

सुरुवात शनिवारी करू नकोस, बाजाराच्या गर्दीत नवी घडी बसत नाही. मंगळवारी कर, आणि श्रावण लागायच्या आत दोन आठवडे हातात ठेव. पुढं सोमवार, एकादशीला उपवासाची माणसं भाकरी खात नाहीत, मग अंदाज बसत नाही. रोज रात्री किती भाकऱ्या आणि किती आमटी उरली ते वहीत लिहून ठेव आणि पंधरा दिवसांनी मला कळव, त्यावरून पिठाचं माप ठरवू. इथल्या बचत गटातल्या दोघी-तिघी भाकऱ्यांच्या कामाला तयार असतात. सकाळच्या गाडीनं येऊन चारला परत फिरता येईल अशी वेळ देणार असशील तर विचारून ठेवतो. प्रवासखर्च वेगळा द्यावा लागेल.

वैनींना नमस्कार, आईंना साष्टांग.

तुझा मित्र