मंत्रिमहोदय, अर्ध्या कोयत्याचा हिशोब धरा

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे तुम्हाला सांगायला नको. उचल, म्हणजे टोळी नेणारा मुकादम हंगामाआधी देतो ते आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते. घरात कुणी बाजेवर पडलं आणि त्याच्यापायी बाई मागं राहिली, की मुकादमाच्या वहीत तो अर्धा कोयता होतो आणि उचलही निम्मी. यंदा आमचा अर्धाच कोयता गेला. सासूबाईंना लकवा मारलाय, उजवी बाजू पार गेली. म्हाताऱ्या माणसाच्या सेवेपायी घराचं काय जातं, ते मुकादमाला बरोबर कळतं. शासनाच्या कुठल्या रकान्यात ते बसत नाही.

ही सेवा म्हणजे दर दोन तासाला कूस बदलायची, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडाशी कातडी आधी लाल पडते, मग सोलते, मग जखम होते. भाकरी दुधात कुस्करून, बसतं करून भरवायची, आडवं असताना घास दिला तर ठसका लागतो. दवाखान्यातून सोडताना यातलं कुणी काही शिकवलं नाही, कागदावर नुसती गोळ्यांची नावं. आणि २०१० पासून चालू असलेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात तर लिहिलंय की उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यानं अंथरुणावरच्या माणसाकडं घरी जावं, घरच्यांना सेवा शिकवावी. आमच्या दारात अजून कुणी आलेलं नाही.

म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये आहेत. पण त्यासाठी उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागतं, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात घर कुणाचं चालतं, साहेब? दाखल्यावर काय लिहावं लागतं ते देणाऱ्यालाही ठाऊक, घेणाऱ्यालाही. पैसे काढायला गेलं तर अंगठा उठत नाही; जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांवर रेघा राहिल्यात कुठं? सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलंय. आम्ही मात्र सासूबाईंना रिक्षात घालून नेतो. पंचाहत्तरीपुढं एसटी फुकट केलीत, चांगलं केलंत, पण बाजेवरचं माणूस एसटीत चढणार कसं?

लाडक्या बहिणीचे पैसे मला मिळतात, नाही म्हणत नाही. ते बाई म्हणून मिळतात, या कामाचे नाहीत.

ज्या घरची दोघंही जातात त्यांचं तर विचारूच नका. दिवाळीनंतर तिथं म्हातारी, म्हातारा आणि नातवंडं उरतात. सत्तरीचा म्हातारा म्हातारीला उचलून बसवतो, आणि सहावी-सातवीतली नात शाळा बुडवून तिचं धुणं धुते.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूद आहे. तसाच भत्ता अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी चालू करा. रक्कम तुम्ही ठरवा, पण ठरवताना अर्ध्या कोयत्यानं बुडालेली उचल समोर ठेवा. टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्यापर्यंत, आशाताईंकडून गावोगावच्या अशा घरांची यादी करून घ्या, आणि त्यांना या कामाचा वेगळा मोबदला द्या. यादीतल्या घरी हंगामभर आठवड्याला एकदा नर्सबाई आल्या, जखम धुऊन पट्टी बदलून गेल्या, पैसे पोस्टमननं दारात आणून दिले, तर पुढच्या हंगामात काही घरांचा तरी पुरा कोयता जाईल.

आपली,
एक सून
वडवणी तालुका, जि. बीड