तळमजल्यावरच्या काकू, थँक यू (आणि तुमचं ताट अजून माझ्याकडेच आहे)

काकू, हे तोंडावर सांगायला आलो असतो तर तुम्ही "त्यात काय मेलं एवढं" म्हणून चहा ठेवला असता आणि विषय बदलला असता, म्हणून लिहूनच टाकतोय. वाचून दाखवायचं काम तुमच्या नातीला सांगितलंय.

गेल्या मे महिन्यात बाबांनी देवगडहून हापूस आंब्याच्या दोन पेट्या पाठवल्या, पाच-पाच डझनाच्या, आणि खाणारे आम्ही दोघं. पेटी एकदम पिकते हे मला कुणी सांगायला नको, वाढलोच त्यात, पण गावी घरात बारा माणसं, पिकला की संपला. इथे ऑफिसात वाटले, वॉचमनला दिले, बायकोच्या मैत्रिणींना दिले, तरी चाळीसेक आंबे राहिलेच. तुम्ही जिन्यातून जाताना वास आला म्हणून बेल वाजवलीत आणि दारातच म्हणालात, "अरे, आंबे उतरायला लागले तुझे, नाक बंद आहे का?"

त्याच्या आदल्याच दिवशी मी माझं डोकं चालवून झालं होतं, ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, लाज वाटली. काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत रस भरला, झाकण घट्ट लावलं, फ्रीझरमध्ये ठेवला आणि सकाळी बरणीचे दोन तुकडे. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं हे परीक्षेत लिहून मार्क घेतलेला माणूस मी! काचेच्या भीतीने तो सगळा रस फेकला. सात आंब्यांचा होता.

मग तुम्ही सुरी आणि ते मोठं स्टीलचं ताट घेऊन वर आलात आणि चार तास आमच्या ओट्यापाशी उभ्या राहिलात. आधी मला साबणाने हात धुवायला लावले, आंबे धुवायला लावले, म्हणालात, थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. एकेक आंबा कापून बघायचा, कारण हापूस बाहेरून सोन्यासारखा आणि आत साका, म्हणजे पांढरट स्पंजासारखा बिघडलेला गर, निघाला तर एक आंबा सगळ्या रसाची चव घालवतो. जे अजून कडक होते ते बाजूला काढलेत, फ्रीझरमध्ये आंबा पिकत नाही, जसा आत जाईल तसाच बाहेर येईल. रसात पाणी नाही, दूध नाही, वेलची पण नाही, फक्त थोडी साखर, ती कशाला म्हणून विचारलं तर रंग टिकतो म्हणालात. आणि खरंच टिकला की.

खरी गंमत पाऊचची. मी डबे काढले होते, तुम्ही ते परत कपाटात ठेवलेत. झिपच्या पिशवीत दोनच वाट्या रस, हवा सगळी दाबून काढायची, आणि आडवी ठेवून हाताने चपटी करायची, वहीसारखी. पातळ थर पटकन गोठतो, आणि जेवढं पटकन तेवढे बर्फाचे कण बारीक. सावकाश गोठलं की कण मोठे होतात, फळाच्या पेशी फाडतात आणि बाहेर काढल्यावर सगळं पचपचीत होऊन पाणी सुटतं. हे तुम्ही असं सांगितलं नव्हतं, तुम्ही "जाड ठेवलंस तर पाणचट होतं" एवढंच म्हणालात, बाकीचं मी नंतर वाचलं. फोडी मात्र ताटात एकमेकींना न चिकटवता पसरून आधी कडक करायच्या, मग पिशवीत, म्हणजे हव्या तेवढ्या सुट्या निघतात, नाहीतर दगड होतो. प्रत्येक पिशवीवर मार्करने तारीख. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या भाषेत, "बोंबलांच्या शेजारी ठेवशील तर याद राख."

एक सांगू का, फोडींच्या बाबतीत माझं तुमच्याशी अजून पटत नाही. बर्फ सुटल्यावर त्या मऊ पडतातच, नुसत्या खायला मजा नाही, मिल्कशेकला ठीक. रस मात्र, काकू, ताज्यासारखा हुबेहूब म्हणणार नाही, पण डब्यातल्या विकतच्या रसाशी तुलनाच नाही.

जुलैमध्ये ट्रान्सफॉर्मर उडाला तेव्हा चौदा तास लाइट नव्हती, मी दर अर्ध्या तासाने फ्रीझर उघडून बघत होतो आणि तुमचा फोन आला, "दार उघडू नकोस, गच्च भरलेला असला की दोन दिवस काढतो." माझा फ्रीझर नेहमी उणे 18 वर असतो, त्या दिवशी पण पाऊच कडकच राहिले.

आणि मग नोव्हेंबर. बायकोला तिसरा महिना, पोटात काही ठरत नव्हतं, भाताचा वास आला तरी बाथरूमकडे पळायची, आणि एका रात्री साडेदहाला म्हणाली, आमरस खावासा वाटतोय. म्हणजे बघा, डोहाळे लागले ते कार्तिकात, ते पण आमरसाचे! माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती हसायलाच लागली. मी घाईघाईत पाऊच गरम पाण्यात सोडणार होतो, तेवढ्यात तुमचं आठवलं, की रात्रभर खाली फ्रीजमध्ये ठेव, घाई केलीस तर कड उकडते आणि मधला बर्फ तसाच. बायकोला म्हटलं, सकाळपर्यंत थांब. सकाळी सात वाजता वाटीभर रस, नुसता, पोळी नाही पुरी नाही. पोटात राहिला. आठ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी राहिलं होतं, ती भिंतीला टेकून बसून वाटी चाटत होती आणि मी पिशवीवरची 19 मे ही तारीख बघत होतो, तुमच्याच अक्षरातली.

चौदातले नऊ पाऊच तिनेच संपवले. आता ती माहेरी गेलीये, पुढच्या महिन्यातली तारीख आहे, शेवटचा पाऊच थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून परवा तिथे पोचवून आलो.

बाबांची पहिली पेटी दहा-बारा दिवसांत निघेल. यंदा आईने करवंदं पण पाठवते म्हटलंय, ती अख्खी ठेवायची की बिया काढून ते मला माहीत नाही. पिशव्या आणि मार्कर आणून ठेवलेत, ताट वरच आहे, तुम्ही फक्त सुरी घेऊन या, आमच्या सुऱ्यांना धार नाही.