कॅरलच्या यादीतून गळलेली घरं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कॅरलच्या (घरोघरी जाऊन नाताळची गाणी म्हणण्याच्या) फेऱ्यांची यादी निघते. कोणत्या रात्री मेकोसाबाग, कोणत्या रात्री मोहननगर, कुणाकडे चहा, कुणाकडे चिवडा-करंजी. ही यादी सभासदांच्या रजिस्टरवरून होते. रजिस्टरात नाव नसेल तर त्या घरापुढे गिटार वाजत नाही. बरीच वर्षं ही यादी मीच करायचो, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्यातल्या एका ताईचा घटस्फोट झाला. 1869 च्या जुन्या कायद्यात ख्रिस्ती बाईला नुसत्या छळाच्या कारणावरून सुटका नव्हती. नवऱ्याचा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला छळ किंवा त्याग, असं दोन्ही सिद्ध करावं लागे. 2001 साली कायदा बदलला, परस्पर संमतीचीही सोय झाली. कोर्टाला कळलं, आमच्या बाकांना कळलं नाही. तिला कुणी 'येऊ नका' म्हटलं नाही. असं कुणी म्हणतच नाही हो! चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या रांगेत शेजारची बाई एक पाऊल मागे सरकली. मुलीच्या दृढीकरणाचं (बाप्तिस्म्यानंतर मोठेपणी चर्चमध्ये विश्वास कबूल करण्याच्या विधीचं) विचारलं तर 'पुढच्या वर्षी बघू'. मग ती यायची थांबली, वर्गणी थकली आणि एका कमिटी मीटिंगमध्ये तिच्या नावावर लाल रेघ आली. रजिस्टर माझ्या हातात होतं.

मागच्या वर्षी उज्जीवन सभेच्या (विश्वास पुन्हा जागवण्यासाठी भरणाऱ्या सभेच्या) पत्रिका वाटायचं काम माझ्याकडे आलं. चार-पाच घरं झाल्यावर काय वाटलं कोण जाणे, गाडी तिच्या गल्लीत वळवली. दार उघडून ती म्हणाली, "या भाऊ. वर्गणी मागायला आले का?"

पत्रिका खिशातच राहिली. तासभर तीच बोलली. उशाशी बायबल होतं, कव्हर निघालेलं, वर वर्तमानपत्राचं वेष्टण. रोज रात्री वाचते म्हणाली. अशा बाईला मी साक्ष काय देणार होतो? निघताना तिने विचारलं, "नाव काढलं त्या दिवशी तुम्ही काय बोलले होते?"

"काहीच नाही."

"तेच," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

तिच्यासारखी आणखी घरं आहेत. कुणी जातीबाहेर लग्न केलं, कुणाचा मुलगा दारूत गेला, कुणाला लहानपणी 'तुम्ही मागच्या बाकावर' असं ऐकावं लागलं. यांना सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, सांगायची म्हणजे आपण पुन्हा 'चर्चला या' असं सांगतो. नव्या कराराचा अनुभव वेगळा आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात दृष्टी मिळालेल्या माणसाला सभास्थानातून बाहेर घालवतात. येशूला ते कळतं, तो त्याला शोधून काढतो आणि मग विश्वासाबद्दल विचारतो. 'आधी सभास्थानात परत जा' असं काही त्याला सांगत नाही. येशू वधस्तंभावर गेल्यानंतर अम्माऊस गावच्या वाटेवरचे त्याचे दोघे शिष्य तर यरुशलेम सोडूनच निघाले होते. येशू त्यांच्याच दिशेने चालतो, आधी त्यांचं गाऱ्हाणं ऐकतो, शास्त्र मागाहून काढतो. आमची गाडी नेमकी उलट चालते: शास्त्र आधी, ऐकणं वेळ उरला तर.

आणि हे नागपुरात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते याच शहरात. बाप्तिस्मा लहानपणी द्यायचा की मोठेपणी, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालणारे लोक एका मेजाशी बसले. तेवढं जमलं आणि एका बाईसाठी बाकावर सरकणं जमत नाही? आपले कवी ना. वा. टिळक यांनी तर 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. आपण बाप्तिस्मा झालेल्यांनाच बाहेर ठेवतो.

गैरसमज नको म्हणून सांगतो, हे पत्र धर्मांतराबद्दल नाही. मी आमच्याच घरच्या लोकांबद्दल बोलतो आहे.

ताई अजून चर्चला येत नाही. येईल असं मला वाटत नाही आणि मी विचारतही नाही. गुरुवारी संध्याकाळी मी आणि माझी बायको तिच्याकडे जातो. एखादं भजन होतं, ती एक अध्याय वाचते, चहा होतो. कमिटीत तिच्या बाजूने बोललो नाही याची माफी मी तिसऱ्या गुरुवारी मागितली, पहिल्या दोनदा तोंड उघडलं नाही. तिने नुसती मान हलवली. 'झालं गेलं' वगैरे काही म्हणाली नाही.

शहरातल्या कमिट्यांना एवढंच सुचवतो: यंदा कॅरलची यादी करताना जुनी रजिस्टरं काढा आणि लाल रेघा मारलेली नावं वाचा. त्यातली दोन-तीन घरं तरी घ्या. गिटार नसली तरी चालेल. वर्गणीचं पुस्तक मात्र घरी ठेवून जा.

आपला,
एक वाचक, नागपूर