साहेबांनी शब्द दिला होता, पीओ नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, कॉम्प्युटरवर चालणारी तीन मशीनं (दोन व्हीएमसी, एक सीएनसी टर्निंग), सहा माणसं. मोठ्या कंपन्यांना पार्ट देणारे जे असतात त्यांचं जॉबवर्क आम्ही करतो, माल त्यांचा, त्यावर काम आमचं, म्हणजे साखळीतलं अगदी शेवटचं बारकं कडं. पत्र लिहायचं कारण असं की मागच्या महिन्यात आमच्याच लाईनीतला एक पोरगा, नुकतंच कर्ज काढून मशीन टाकलंय त्याने, टपरीवर चहा पिता पिता खुशीत सांगायला लागला की काका, महिन्याला दोन हजार पीसची ऑर्डर फायनल झाली. म्हणलं वा, पीओ, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डर, दाखव. तर म्हणतो पीओ नंतर येणारे, साहेबांनी शब्द दिलाय, मी टूलिंगचं सामान उचललं पण. माझा चहा तिथंच गार झाला, कारण हेच वाक्य मी २०२२ मध्ये माझ्या बायकोला बोललो होतो.

माझं प्रकरण असं. पंपाचं हाउसिंग होतं, बिडाची कास्टिंग काम देणाऱ्या पार्टीची, आपण फक्त मशीनिंग करून द्यायचं, ८६ रुपये पीस. त्यांच्या पर्चेसचे साहेब स्वतः शेडवर आले, स्पिंडलचा आवाज ऐकला, पोरांशी बोलले, वडापाव खाल्ला, माणूस खरंच चांगला होता, आजही मी त्यांना वाईट म्हणत नाही. म्हणाले महिन्याला १५०० पीस धरून चाला, तुम्ही फिक्स्चर (मशीनवर पार्ट घट्ट पकडणारी चौकट) टाका, ट्रायल पास झाली की पीओ पडलीच समजा. एका वेळी चार पीस बसतील असं फिक्स्चर बनवलं, १ लाख ८५ हजार गेले. हिशोब साधा होता, रेटमध्ये पीसमागे दहा रुपये फिक्स्चरचे पकडलेले, १८,५०० पीस झाले की पैसे वसूल, म्हणजे वर्षभरात. मी दोनदा पीओचं विचारलं, ते पण कसं, अवघडत, फोनच्या शेवटी, "ते पीओचं जरा बघा ना साहेब" असं. दुसऱ्यांदा ते हसून म्हणाले "काय राव, विश्वास नाय का?" झालं, त्यानंतर मी कशाला विचारतोय.

तीन लॉट झाले, मिळून ६४० पीस. मग साहेबांनी नोकरी सोडली आणि ते गुजरातला गेले. नवीन आले त्यांना भेटायला गेलो तर त्यांनी कॉम्प्युटरकडे बघत सांगितलं की सिस्टिमला १५०० पीसचं काहीच शेड्यूल नाहीये, आणि आधीच्यांनी काय सांगितलं ते आम्ही कसं धरणार. चिडायलाही जागा नाही, त्यांच्या जागी मी असतो तरी हेच बोललो असतो. वर पीसमागे दहाप्रमाणे फिक्स्चरचे वसूल झाले किती, तर ६,४००.

एवढ्यावर थांबलं नाही. चार महिन्यांनी ३८ पीस परत आले, बोअर ओव्हरसाईज, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं, म्हणून, आणि सोबत डेबिट नोट, कास्टिंगचे ४१० प्रमाणे १५,५८० रुपये कट. बिल माझं सगळं मिळून ५५,०४०, ते तर अजून आलंच नव्हतं. तेव्हा सीएकडे गेलो आणि तिथं पहिल्यांदा मला कळलं की कागद असला की काय होतं. सीए म्हणाला चलन, म्हणजे माल पोचल्याच्या पावत्या, आहेत का? म्हणलं आहेत, प्रत्येक चलनावर त्यांच्या स्टोअरचा शिक्का आणि सही आहे, तारखेसकट. रिजेक्शनचं त्यांनी लेखी कधी कळवलं? म्हणलं चार महिन्यांनी. तर म्हणे मग बस शांत. २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा कायदा असं सांगतो की माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरायचं, आणि पेमेंटला लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, लेखी काहीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दरमहा चक्रवाढ. आमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आधीपासून होतं म्हणून थकलेल्या बिलांच्या तक्रारीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज टाकला, तिकडून तक्रार ऐकणाऱ्या कौन्सिलची नोटीस गेली आणि अहो चमत्कार, डेबिट नोट मागे घेतली आणि बिलाचे पूर्ण पैसे आले. व्याज मी सोडलं, भांडत बसायला वेळ कुणाला आहे.

आणि फिक्स्चर? त्याचं मी विचारलं तेव्हा सीएने फक्त एवढंच विचारलं, "कुठं लिहिलंय?" म्हणजे बघा, पार्टी तीच, साहेब तेच, वर्ष तेच, ज्याच्यावर स्टोअरकीपरची वाकडीतिकडी सही होती ते ५५ हजार आले आणि जे वडापाव खाता खाता ठरलं ते जवळजवळ पावणेदोन लाख गेले. बोलाचीच कढी बोलाचाच भात, आम्ही पोट भरल्यासारखं वागलो.

काही लोकांना वाटतं तोंडी व्यवहाराला कायद्यात किंमतच नाही, तसं नाहीये. १८७२ चा करार कायदा तोंडी करारसुद्धा मानतो, काही गोष्टी सोडल्या तर, पण कोर्टात ते सिद्ध करायचं कुणी? गुजरातला गेलेले साहेब माझ्यासाठी साक्ष द्यायला येणारेत का? दुसरं म्हणजे करार म्हणजे स्टॅम्प पेपरच असा गैरसमज आहे, त्यात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा जाऊन पाचशेचा झाला तेव्हापासून तर लोक अजूनच टाळतात. आमच्या धंद्यात रोजच्या ऑर्डरला स्टॅम्प लागतो कुठं, पीओ आणि त्याला "मान्य" म्हणून गेलेला मेल पुरतो, ईमेलवर झालेला करार माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याला चालतो. व्हॉट्सअपही चालतं पण नुसता स्क्रीनशॉट घेऊन कोर्टात गेलात तर तो उडू शकतो, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट द्यावं लागतं आणि तो फोन जपून ठेवावा लागतो. शिवाय आमच्या त्या साहेबांचं चॅट सात दिवसांनी आपोआप गायब होणारं होतं! मला ते सेटिंग म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, शोधायला गेलो तेव्हा माझे गुड मॉर्निंगसुद्धा उडालेले.

आता उलटी बाजू पण सांगतो, नाहीतर वाटेल हा कागदाचा भगत झालाय. माझं गाव पुणे जिल्ह्यातल्या सुप्याकडचं. १२ मे १८७५ ला तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद ओढून काढले आणि जाळले, ते दंगे पुढं पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरले आणि १८७९ ला सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. जाळले ते कागदच होते. लिहिणारा एक, अंगठा देणारा दुसरा, त्यात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. आमच्या आजोबांना कागद दिसला की राग यायचा तो उगाच नाही. आणि आज आपण वेगळं काय करतो, पीओ आली की क्वांटिटी आणि रेट बघतो, मागची आठ पानं बारीक इंग्रजी अक्षरात असतात ती कोण वाचतं? मी वाचायला लागलो तेव्हा एका पीओत सापडलं की फिक्स्चरचा खर्च मी केला तरी ते त्यांच्या मालकीचं. फोन केला, तर म्हणे अरे ते जुनं फॉरमॅट आहे, काढून टाकतो. एका फोनवर निघालं!

मी सध्या एकच करतो. फोन ठेवला की दहा मिनिटांच्या आत मेल टाकतो, मराठी इंग्रजी जे सुचेल त्यात, "आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे महिन्याला १५०० पीस, सहा महिने, फिक्स्चरचे १ लाख ८५ हजार, ऑर्डर मधेच थांबली तर उरलेली रक्कम आपल्याकडून, बरोबर असेल तर ओके कळवा." एक जण म्हणाला काय वकील ठेवला काय, एकाने काम दिलं नाही, दिलं नाही तर नाही. पण एका पार्टीचा रिप्लाय आला की १५०० नाही हो, मी ८०० म्हणलो होतो, १५०० पुढच्या वर्षी. आता तो खोटं बोलला होता का? अजिबात नाही, फोनवर मागं मशीन चालू, त्याने एक बोललं, मी मला पाहिजे ते ऐकलं. मी तेव्हा चारऐवजी दोन पीसचं साधं फिक्स्चर केलं, अर्ध्या पैशात काम झालं आणि तो आजही माझा सगळ्यात चांगला कस्टमर आहे.

मार्च २०२४ ला तर गंमतच झाली, लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरू देणार नाही असा नियम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालेला, आणि जे लोक आमचा फोन उचलत नव्हते तेच उद्यम सर्टिफिकेट मागायला लागले. लेखी नसेल तर १५ दिवस, लेखी असेल तर ४५, म्हणून "आपल्यात काहीतरी लेखी पाहिजे हो" असं तेच म्हणायला लागले. इथल्या उद्योजकांच्या संघटनांना आपल्या पेपरमार्फत विनंती आहे की एक पानी, सोप्या मराठीत, जॉबवर्कच्या कराराचा नमुना छापून प्रत्येक शेडमध्ये वाटा. सेमिनारच्या जेवणापेक्षा स्वस्तात होईल.

हे सगळं लिहिलं खरं पण एक सांगायचं राहिलं. टपरीवरच्या त्या पोराला हे ज्ञान देऊन मी शेडवर आलो, जरा रुबाबातच, तर माझा सगळ्यात जुना ऑपरेटर समोर आला आणि म्हणाला शेठ, तुम्ही गेल्या दिवाळीला म्हणला होता पाडव्यापासून पगार वाढवतो, पाडवा होऊन गेला. मी म्हणलं अरे बोललोय ना, देणार ना, विश्वास नाय का? म्हणलं आणि माझं मलाच ऐकू आलं. तो काही बोलला नाही, त्या जुन्या फिक्स्चरवर, ज्याचं आता आम्ही डबा खायला स्टूल केलंय, तिथं बसून राहिला. संध्याकाळी त्याला मेल टाकला, किती आणि कधीपासून, पाडव्यापासूनच्या फरकासकट. पाच मिनिटांत त्याचा रिप्लाय, "ओके शेठ".

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी