आमदाराच्या दारातली गाडी

कॉन्कर्ड, न्यू हॅम्पशायर
9 मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "शेजारी आमदार आहे म्हणतेस, मग दारात गाडी कुठली उभी असते?" तेवढ्यात आईनं फोन ओढून बारशाचं सांगायला घेतलं आणि ते राहूनच गेलं. म्हणून पत्र. तसंही फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूल करत नाही.

तर गाडी जुनी सुबारू. मागचा बंपर चिकटपट्टीनं धरून ठेवलाय, नंबर प्लेट तेवढी आमदारकीची. शेजारचे आजोबा पंचाहत्तरीचे, आधी शाळेत गणित शिकवायचे. गेल्या आठवड्यात सकाळी सहाला फावड्यानं स्वतःच बर्फ उपसत होते. मी म्हटलं, "आज अधिवेशन नाही वाटतं?" तर म्हणे, "आहे ना, म्हणून तर गाडी बाहेर काढतोय."

आता पगार ऐका. वर्षाला 100 डॉलर. महिन्याला नव्हे, वर्षाला! दोन वर्षांच्या मुदतीला 200 डॉलर, असं 1889 पासून राज्याच्या घटनेतच लिहिलंय. वाढवायचा म्हटला तर घटनाच बदलायला हवी. वर गाडीभाडं मिळतं. साध्या आमदाराला ना ऑफिस, ना पीए. सभागृहातली ठरलेली खुर्ची, बस्स.

आणि असे आमदार 400! राज्याची वस्ती पुणे शहराच्या निम्मीही नाही, 2020 च्या मोजणीत 13 लाख 77 हजार. म्हणजे साडेतीन हजार माणसांमागे एक. तांबट आळी आणि आजूबाजूचे चार बोळ धरले की झाला मतदारसंघ. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेनुसार 11 कोटी 23 लाख लोकांना 288, म्हणजे डोक्यावर जवळजवळ 3 लाख 90 हजार. मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला, इथल्या मापानं महाराष्ट्राला 32 हजारांवर आमदार लागतील. आमदार निवास बांधायला अख्खं नरिमन पॉइंट पुरायचं नाही.

आजोबांना मी आपल्या पुण्याच्या कसबा मतदारसंघाचं सांगितलं. पावणेतीन लाख मतदार ऐकून त्यांनी दोनदा आकडा विचारला. मग तिथल्या गिरीश बापटांचं सांगितलं: टेल्कोतली नोकरी, आणीबाणीत तुरुंग, नगरसेवक, 1995 पासून ओळीनं पाच वेळा आमदार, मंत्री, 2019 ला खासदार. 2023 च्या पोटनिवडणुकीत नाकात ऑक्सिजनची नळी लावून, व्हीलचेअरवर बसून प्रचाराच्या सभेला आले होते, दीड महिन्यात गेलेच. तुम्ही त्यांना एकदाही मत दिलं नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि "माणूस भेटतो" हेही तुम्हीच म्हणायचात. ते "भेटतो" मला इंग्रजीत सांगताच येईना. दहावं, बारसं, तुंबलेलं ड्रेनेज, दाखला, हॉस्पिटलची खाट, सगळ्याला आमदार कशाला, असं आजोबांचं म्हणणं. त्यांच्याकडे लोक येतात ते विधेयकाबद्दल बोलायला. आणि इथली एक गोष्ट मला फार आवडली: कुठलंही विधेयक असो, त्यावर जाहीर सुनावणी होतेच आणि सभागृहात मत पडतंच. कुणीही उठून जावं, नाव लिहून द्यावं, बोलावं.

म्हणून सगळं गोड असतं असंही नाही. 2015 मध्ये चौथीच्या मुलांनी लाल शेपटीचा ससाणा राज्याचा शिकारी पक्षी व्हावा म्हणून विधेयक आणवलं. मुलं गॅलरीत बसलेली, आणि खाली आमदारांनी चेष्टा करून ते पाडलं. एकानं तर पोरांसमोर बोलू नये ते बोलून घेतलं. चार वर्षांनी पुन्हा आलं तेव्हा कायदा झाला. तोवर ती मुलं आठवीत.

बापटांनंतर कसब्याच्या आमदार झालेल्या मुक्ता टिळकांचं सांगितलं तेव्हा मात्र आजोबा गप्प झाले. जून 2022, कर्करोगानं पार थकलेल्या, पुण्याहून रुग्णवाहिकेतून मुंबईला राज्यसभेच्या मतदानाला गेल्या, आणि दहा दिवसांनी विधान परिषदेसाठी पुन्हा. डिसेंबरात गेल्या. "घरून मत देता येत नव्हतं?" त्यांनी विचारलं. नव्हतं. "पक्षानं भाग पाडलं का?" याला मी काय उत्तर देणार? त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच माहीत. पण द्रुतगती मार्गावरचे ते हादरे, तेही झोपून, मी कल्पना करून बघितली.

मी आजवर आमदार म्हटलं की पांढरी गाडी आणि पुढेमागे पोरं एवढंच बघत आले. आजोबांच्या हॉलमधल्या टेबलावर विधेयकांचे कागद पसरलेले असतात, कडेला पेन्सिलीनं बारीक खुणा. आपल्याकडचे किती जण सभागृहात मांडायची लक्षवेधी सूचना स्वतः लिहीत असतील, असं मनात आलं. आणि लगेच हेही आलं, की जवळजवळ चार लाख माणसं दारात उभी असताना कागद वाचायचा कधी?

एक काम सांगते. ताईच्या हॉस्टेलसाठी मामानं त्यांच्या तालुक्याच्या आमदारांचं पत्र आणलं होतं बघा, "अर्जदार माझ्या चांगल्या परिचयाच्या असून" वालं. ताईला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं आणि प्रवेश तिला मार्कांवरच मिळाला. ते लोखंडी कपाटात, विम्याच्या कागदांखालच्या खाकी पाकिटात असेल. ताईकडून फोटो काढून पाठवा, आजोबांना दाखवायचंय. त्यांनी आयुष्यात असं एकही पत्र दिलेलं नाही म्हणतात.

आईला सांगा, गोधडी पोचली. कानाचं मशीन घ्या आता.

तुमची,
छोटी