डाग कुठल्या हातावर?

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई विचारणारच. फोनवर आपण 'गोळ्या घेतल्या का'च्या पुढे सरकत नाही, म्हणून.

परवा एक कादंबरी संपवली. शिन क्यूंग-सूक या कोरियन लेखिकेची, 2008 सालची. मी इंग्रजीतून वाचली, 'प्लीज लुक आफ्टर मॉम'. गावाकडचे म्हातारे नवरा-बायको वाढदिवसासाठी मुलांकडे सोलला येतात. स्टेशनवर तोबा गर्दी. नवरा सवयीनं पुढे चालत असतो, तसाच भुयारी रेल्वेत चढतो. गाडी सुटल्यावर वळून बघतो, तर मागे बायको नाही. 69 वर्षांची बाई हरवते आणि उरलेलं पुस्तकभर घरचे तिला शोधतात.

बाबा, इथे मला कोण आठवलं ते सांगायला नको. तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडे पोचता आणि तिथून 'चल, चल' करता. तिचे गुडघे बघा जरा.

सुरुवातीलाच मुलं आईच्या शोधासाठी पत्रक लिहायला बसतात. लेक लेखिका, म्हणून काम तिच्याकडे. जन्मसाल 1938 लिहिलं, तर बाप म्हणतो, ते कागदावरचं, खरं 1936. फोटो सापडतो तो समारंभातला, नटलेला. त्यावरून रस्त्यात तिला कोण ओळखणार?

मी पुस्तक पालथं घातलं आणि एका पाठकोऱ्या कागदावर आई, तुझं वर्णन लिहून बघितलं. जन्मतारीख 1 जून, पण ती शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. खरी विचारली की तू म्हणतेस, 'पावसात झाले.' वर्ण गव्हाळ, बांधा मध्यम. हे कुणाचंही होईल. उंची माहीत नाही. ओळखीची खूण म्हणून मनगटावरचा भाजल्याचा डाग लिहिला आणि अडले. डावं की उजवं? तू केसांना पिन लावतेस ते डोळ्यांसमोर आणलं, तरी ठरेना. ताईला फोन केला. ती म्हणाली, उजवं. दादा म्हणाला, मनगटावर कुठे, कोपरापाशी आहे. तिघांनाही तूच वाढवलंस ना गं?

कादंबरीतल्या आईला वाचता येत नसतं, आणि ते ती लपवून ठेवते. एका अनाथाश्रमात ती मदतीला जात असते. तिथल्या बाईकडून लेकीचं पुस्तक वाचून घेते. नवऱ्याला हे कळतं ती हरवल्यानंतर. हे वाचून मी बराच वेळ पान उलटलं नाही. लेकीला एकदा 'मला वाचून दाखव' म्हणता आलं नाही तिला. मागच्या खेपेला मी तुझा चष्मा पुसायला घेतला, तर एका काचेला तडा. कधीपासून, विचारलं तर म्हणालीस, 'दिसतंय की.' तसंच आहे हे.

एक गंमत. लेकीचा आणि नवऱ्याचा भाग लेखिकेनं समोरच्याशी बोलल्यासारखा लिहिलाय. इंग्रजीत दोघांना एकच शब्द. मी मनातल्या मनात लेकीला 'तू' आणि नवऱ्याला 'तुम्ही' करत वाचलं, त्यामुळे बोलणी सगळी आपल्याच घरात बसली.

सगळं आवडलं असं नाही. शेवटाकडे आई स्वतःच बोलू लागते, तो भाग मला जरा रडवायला लिहिल्यासारखा वाटला. ती दिसत नव्हती तेव्हाच जास्त जवळची होती. आणि बाई घराबाहेर गेल्यावरच घरच्यांना तिच्याबद्दल कळावं, याचा मला रागही आला. लेखिकेचा नाही, आमचाच.

बाबा, एक काम करा. आईचा एक फोटो काढून पाठवा. घरातल्या कपड्यांत, चष्म्यासकट. काढायच्या आधी तिला केस विंचरू देऊ नका.

मी पंधरा दिवसांनी येतेय. चष्म्याची काच तेव्हा बदलू, उंचीही मोजू. आई, डाग कुठल्या हातावर आहे ते मात्र फोनवर सांगून टाकू नकोस. मला बघायचाय.

तुमची,
धाकटी